वायसर भाऊजींची गाडी

माझ्या धाकट्या दिरांना सगळे 'वायसर' म्हणत. वायसर म्हणजे नळाच्या पोटात असते ती रबराची चकती. ती झिजली की नळ ठिबकू लागतो. भाऊजींची सगळी नोकरी पाणीखात्यात गेली आणि त्यांचे काम एकच होते, गळती शोधायची आणि बंद करायची. एक लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवून तिच्या वरच्या टोकाला ते कान लावत आणि जमिनीखाली नळ कुठे फुटला आहे ते सांगत. येणारेजाणारे थांबून विचारत, "काय वायसर, आज काय म्हणतोय रस्ता?"

"म्हणतोय, तुझं मीटर उलटं फिरतंय," असे उत्तर मिळे, सळईवरचा कान न काढता.

घरीही तेच. शेजारच्या खोलीत नळ ठिबकला तरी हे जेवणावरून उठायचे. माझे यजमान म्हणत, "याच्यासमोर रडायची सोय नाही. डोळ्यांना वायसर बसवेल." यजमान गेले त्या दिवशी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि मोरीचा नळ दुरुस्त करत बसले. नातेवाइकांना ते विचित्र वाटले. मला वाटले नाही. त्यांना दुसरे काही येत नव्हते.

ते आणि त्यांची बायको खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. माझ्या जावेला आम्ही पहिल्यापासून 'धाकटी'च म्हणतो, तिचे केस पांढरे झाले तरी. लहान चणीची, तिखट जिभेची बाई. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. आमच्या गावात ते यंत्र नाही. डोंगर चढून पलीकडे उतरले की मोठे शहर, तिथे हॉस्पिटल. तिची पाळी सकाळची पहिली. उशीर झाला की तेवढा वेळ कापला जातो, कारण त्याच खुर्चीवर पुढचा माणूस येऊन थांबलेला असतो. त्यालाही जगायचे असते.

भाड्याची गाडी करून पाहिली. तिच्यात टांगलेल्या सुगंधी बाटलीने धाकटीला पहिल्याच वळणावर उलटी झाली. बसमध्ये आडवे होता येत नाही, आणि परत येताना तिच्यात बसण्याचे त्राण नसे. मग उरली भाऊजींची स्वतःची गाडी. निवृत्त झाल्यावर घेतलेली, तीही दुसऱ्याने वापरून टाकलेली, छोटी, चार दरवाजांची, पांढरी. त्यांनी पुढच्या सीटचे बोल्ट बदलून ती पार मागे झुकेल अशी केली. ज्या हाताच्या शिरेत सुया टोचतात, तो हात ठेवायला एक उशी शिवून घेतली. दरवाजाची कडी घट्ट होती, ती लोण्यासारखी केली. धाकटी म्हणाली, "लग्नात एवढी सजवली नव्हती मला."

एकच अडचण होती. ऊन तापले की गाडीत पेट्रोलचा वास येई. मला तर तो जाणवतही नसे, पण या आजारात नाक फार तिखट होते. धाकटी रुमालावर निलगिरीचे तेल टाकून नाकाशी धरी, तरी निम्म्या वाटेत ओकायला डबा मागायची. भाऊजींनी वास हुंगत हुंगत गाडीभोवती फेऱ्या घातल्या आणि शेवटी मागे, टाकीच्या तोंडाशी येऊन थांबले. झाकणातून वास येत होता. संपले. गळती सापडली होती. त्यांनी गरम पाण्याची एक जुनी रबरी पिशवी कापून तिची जाड चकती केली, झाकणाच्या आत बरोबर बसवली, कडेने रबर चिकटवायचे सोल्युशन लावले. दुसऱ्या दिवशी वास नाही. धाकटी रुमाल हातात घेऊन बसली, पण नाकाशी न्यावा लागला नाही. उतरताना मला म्हणाली, "ताई, चाळीस वर्षांच्या संसारात यांच्या हातचं एक वायसर माझ्या कामी आलं."

भाऊजी त्या दिवशी गुणगुणत जिना चढून माझ्याकडे चहाला आले होते. ते गुणगुणणे मी त्यानंतर ऐकले नाही.

गाडी बंद पडायला लागली ती त्याच सुमारास. घरून निघताना शहाण्यासारखी चालायची. चढ सुरू झाला, विटांची भट्टी मागे पडली की दोन-तीन गचके द्यायची, खोकल्यासारखा आवाज करायची आणि थांबायची. कितीही सेल्फ मारा, नुसती कण्हायची. मग बराच वेळ उगाच थांबायचे. थोड्या वेळाने आपणहून सुरू व्हायची, जणू मध्ये काही झालेच नव्हते. परतीच्या वाटेवर पुन्हा तसेच.

आमच्या कोपऱ्यावरचा मेस्त्री जाडजूड आणि बोलका आहे. त्याने प्लग बदलले. पेट्रोल गाळायची जाळी बदलली. कार्बोरेटर सोडवून धुतला आणि फुंकला. कॉइल तापते म्हणाला, तीही बदलली. इंजिनाजवळचा पेट्रोल ओढणारा छोटा पंपही नवा घातला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या दारात तासभर सुरू ठेवायचा, बाजारापर्यंत फिरवून आणायचा आणि किल्ली टेबलावर आपटायचा.

"काका, घड्याळ आहे घड्याळ! ऐका आवाज."

"तुझ्या दारात घड्याळच असते रे," भाऊजी म्हणायचे. "भट्टीपाशी तिचे बारा वाजतात."

"गाडीला म्हातारपण आलंय, दुसरं काही नाही."

"म्हातारपण मलाही आलंय. मी नाही रस्त्यात बसकण मारत."

मेस्त्री हसायचा, पण भाऊजी हसत नसत. एकदा त्यांनी मला विचारले, "वहिनी, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तर चाललं नसेल ना?" मी म्हटले, मला त्यातले काय कळते. मला खरेच कळत नव्हते.

गाडी थांबली की ते उतरून पुढचे बॉनेट उघडत. कॉइलवर ओले फडके टाकत, वायरी हलवून पाहत, इंजिनाला सळई लावून ऐकत. धाकटी आत आडवी, काच खाली करून. "सापडलं का?" "बघतोय." "तुम्ही बघा. मी कुठे पळून जात नाही." एवढाच संवाद होई. पण परत आल्यावर ती मला सांगे, की बॉनेटआड त्यांचे फक्त हात दिसतात आणि ते हात तीच वायर पुन्हा पुन्हा काढून लावत असतात.

त्यांची लेक हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर राहते. दोन खोल्या, नवरा, सासू, दोन मुले. ती आईला कधीची बोलावत होती. पण तिच्याकडे जागा होती ती एका खाटेची, सासूबाईंच्या खाटेशेजारी. बापाला कुठे ठेवणार? आणि धाकटीला स्वतःचे घर सोडायचे नव्हते. ती मला म्हणाली होती, "ताई, आता माझे किती दिवस आहेत ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. जितके आहेत तितके मला यांच्या नळाची ठोकाठोक ऐकत काढायचेत." हे ती बापलेकीसमोर कधी बोलली नाही. त्यांच्यासमोर म्हणायची, "तुझ्या सासूच्या घोरण्यात मी दोन दिवसांत मरेन."

एका उशिरामुळे धाकटीचा तासभर कापला गेला, त्या दिवशी लेक आमच्याकडे आली. चप्पलही न काढता दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, शेवटचं सांगते. पुन्हा एकदा गाडी वाटेत बंद पडली ना, तर आईला मी घेऊन जाणार. कायमची."

"आणि मी?"

"तुम्ही या की भेटायला."

धाकटी आतून ओरडली, "अगं, भेटायला काय, मी जेलमध्ये चाललेय का?" पण तिचा आवाज फाटला होता.

त्यानंतर भाऊजींनी जे केले ते पाहवत नव्हते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते गाडी पंपावर नेत आणि टाकी गळ्यापर्यंत भरत, म्हणजे पेट्रोलची तक्रार नको. किल्ली पंपावरच्या माणसाच्या हाती देऊन स्वतः चाकांची हवा तपासत. मग अंगणात बॉनेट उघडून बसत. पण भरलेली टाकी घेऊन निघाले की गाडी उलट लवकर बंद पडे, भट्टीच्याही अलीकडे. हे कुणाच्या लक्षात येऊनही कुणाला अर्थ लागला नाही. मेस्त्री म्हणाला, "जास्त वजनाने असेल." भाऊजींनी गाडीतले जास्तीचे चाक काढून घरी ठेवले. निघायचे ते इतक्या लवकर निघू लागले, की बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ हाताशी असावा. लेकीला कळू द्यायचे नाही, असा नवराबायकोचा ठराव होता. लेकीने फोनवर विचारले की धाकटी म्हणायची, "अगदी मजेत पोचलो." आणि फोन ठेवून रुमालात तोंड खुपसायची.

भाऊजी खंगले. दाढी वाढली. नळ ठिबकला तरी उठत नसत. मी एकदा मुद्दाम म्हटले, "भाऊजी, माझ्याकडचा नळ गळतोय." ते म्हणाले, "गळू द्या वहिनी." तेव्हा मला भीती वाटली.

मग ती सोमवारची सकाळ आली. मध्ये रविवार गेल्याने दोन डायलिसिसमधले अंतर जास्त पडले होते. धाकटीचे पाय आणि चेहरा सुजले होते, श्वास लागत होता. भट्टीच्या अलीकडे गाडी गचकली आणि थांबली. नेहमीसारखे थोड्या वेळाने सुरू होईल म्हणून भाऊजी थांबले. झाली नाही. त्या दिवशी झालीच नाही. धाकटीचे ओठ निळे पडू लागले. शेवटी विटा नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने तिला उचलून आपल्याशेजारी बसवले, भाऊजी तिला धरून दाराला टेकून उभ्यासारखे बसले आणि असे ते शहरात पोचले. अंगातले पाणी छातीपर्यंत गेले होते. तिला आत नेले, यंत्राला लावले, नाकातोंडावर ऑक्सिजन. मी बसने पोचले तेव्हा भाऊजी बाहेरच्या बाकावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "सगळ्या गावाचं पाणी आवरलं हो मी. हिच्या अंगातलं आवरता येईना."

लेक आली. बापाला ओलांडून सरळ आत गेली. चार दिवसांनी धाकटीला सोडले तेव्हा लेक तिची व्हीलचेअर सरळ आपल्या गल्लीकडे घेऊन गेली. धाकटीने मागे वळून पाहिले. एवढेच म्हणाली, "गॅसवरचं दूध बघा."

गॅसवर दूध नव्हते. चार दिवस घरी कुणीच नव्हते. पण तिला काहीतरी घरचे बोलायचे होते.

भाऊजी एक दिवसाआड बसने भेटायला जात. लेकीच्या सासूबाई त्यांना खुर्ची देत, चहा देत, पाहुण्याला देतात तसा, बशीत बिस्किटे मांडून. सासूबाई समोरच बसलेल्या असत, त्यामुळे नवराबायको हवापाण्याचे बोलत. परत आले की भाऊजी गाडीपाशी जाऊन उभे राहत. ट्रकवाल्यांनी ती ओढून आणून दिली होती, आणि आणल्यावर ती अर्थातच पहिल्या झटक्यात सुरू झाली होती.

मेस्त्रीने आता हात टेकले. "काका, माझ्या दारात ती नाटक करते. जिथे मरते तिथेच बघायला पाहिजे, मेल्या मेल्या."

हे वाक्य भाऊजींनी धरले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात आले. "वहिनी, माझ्याबरोबर चला. गाडी बंद पाडायची आहे."

मला वाटले यांचे डोके फिरले. पण त्यांना एकटे सोडायला नको म्हणून मी गेले. धाकटीच्या झुकलेल्या सीटवर बसले. दाराच्या कप्प्यात तिचा रुमाल होता, निलगिरीचा वास अजून थोडासा होता त्याला. भाऊजींनी टाकी पूर्ण भरून घेतली होती. आम्ही चढाला लागलो. ते पुटपुटत होते, "पड. पड ना. एरवी पडतेस." भट्टीच्या अलीकडे गाडी गचकली, खोकली, थांबली.

ते उतरले. बॉनेट उघडले. प्रत्येक गोष्ट सावकाश पाहिली. सगळे ठीक होते. कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडली, तर ती कोरडी. टाकी भरलेली आणि नळी कोरडी. ते माझ्या खिडकीशी आले.

"मागचं झाकण उघडून बघतो," ते म्हणाले. "इतके दिवस वाटेत कधी उघडलंच नाही. ती आत असायची. वास आला असता तिला."

मीही उतरून मागे गेले. त्यांनी किल्ली फिरवली, झाकण जेमतेम सैल केले आणि टाकीने श्वास घेतला. मला दुसरा शब्द सुचत नाही. पाण्यात बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तसा, लांब, घशातून, आत ओढून घेतलेला श्वास. तो संपेचना. मग पत्रा कुठेतरी 'टक्' असा वाजला आणि शांत झाले.

भाऊजी झाकण हातात धरून तसेच उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. हा आवाज त्यांना ओळखायची गरज नव्हती, तो त्यांच्याच कामातला होता. पाण्याच्या प्रत्येक टाकीच्या माथ्यावर एक वाकडी नळी असते, हवा आत यावी म्हणून. ती कुणी बुजवली तर टाकी भरलेली असून खाली नळाला पाणी येत नाही. नोकरीत नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवत. गाडीच्या टाकीच्या झाकणातही तसेच एक बारीक भोक होते. तेवढी एकच गळती तिथे असायला हवी होती. आणि ती त्यांनी बंद केली होती.

नळी बसवून त्यांनी गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यात झाली.

ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. रबराची चकती झाकणातून उपटून काढली होती, ती बोटांत फिरवत होते. "वहिनी, हिला तिकडे कोणी पाठवलं? मीच ना?"

"वास येऊ नये म्हणून केलंत तुम्ही."

"ओठ निळे पडले होते तिचे." ते असे रडले, तसे भाऊ गेला तेव्हाही रडले नव्हते. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून म्हणाला, "काय, गाडी बंद पडली का?" मी म्हटले, "नाही, चालू आहे."

आम्ही तसेच पुढे शहरात गेलो. सासूबाई देवाच्या कृपेने त्या वेळी बाहेर गेल्या होत्या. भाऊजींनी खुर्ची घेतली नाही. खाटेशी जमिनीवर बसून चकती धाकटीच्या पांघरुणावर ठेवली आणि सगळे सांगितले, टाकी भरली की आत हवा कमी म्हणून गाडी लवकर थांबायची आणि थांबल्यावर कडेने थोडी हवा शिरली की सुरू व्हायची, तेही. लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे हे सगळं... बाबा, एका रबरापायी?" ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली.

धाकटी छताकडे पाहत होती. तिने विचारले, "मग आता पुन्हा वास येणार?"

"येणार. झाकण जुनं आहे, या गाडीचं नवं मिळत नाही म्हणतात. शोधतो मी. पण तोपर्यंत येणार."

"आणि गाडी बंद पडणार नाही?"

भाऊजींनी मान वर केली. इतक्या वेळा "आता पडणार नाही" म्हणून झाले होते, की त्यांच्या तोंडून ते निघेना.

"बाबा काय सांगणार?" लेक आतून म्हणाली. "आई, तू कुठेही जाणार नाहीस. तुला उभं राहता येत नाही."

"आडवीच तर न्यायची आहे मला," धाकटी म्हणाली. मग आवाज उतरवून, "पोरी, तू फार केलंस. पण रात्री जाग आली की मला कळत नाही मी कुठल्या घरात आहे. मला घाबरायला होतं गं."

भांड्यांचा आवाज थांबला. लेक बाहेर आली, पदराला हात पुसत. बापाकडे न पाहता म्हणाली, "उद्याचं डायलिसिस होऊ दे. मग न्या. पण पुढच्या पाळीला मी तिथे हॉस्पिटलच्या दारात उभी असेन. वेळेवर दिसला नाहीत तर पुढचं बोलायचं नाही."

तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिला घेऊन निघालो. मी मागे. उन्हाने पत्रा तापला होता आणि वास येत होता, आता मलासुद्धा. धाकटीने रुमाल नाकाशी गच्च धरला होता, डोळे मिटलेले, कपाळावर घामाचे थेंब. भाऊजी दर थोड्या वेळाने तिच्याकडे पाहत आणि मग रस्त्याकडे. डोंगर ओलांडून आम्ही आमच्या बाजूला उतरू लागलो. एरवी परतताना जिथे गाडी मरायची ते वळण आले. गाडी चालत राहिली.

भट्टीपाशी धाकटीने हात हलवला. भाऊजींनी गाडी कडेला घेतली. तिने डब्यात ओकले, पुन्हा ओकले, मग नुसतेच कोरडे उमासे. त्यांनी एका हाताने तिचे कपाळ धरले आणि दुसऱ्या हाताने टोचलेला हात उशीवर सांभाळला. त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते ते मला ऐकू आले नाही. मला वाटले, हे नाही जमायचे. आठवड्यातून तीनदा, येऊन जाऊन, हे या देहाला नाही सोसायचे. त्यांनाही तेच वाटले असावे, कारण ते म्हणाले, "वळवू का गाडी? लेकीकडे सोडतो तुला. ऐक माझं."

धाकटीने तोंड पुसले. मान मागे टाकून इंजिनाचा आवाज ऐकत राहिली.

"चालू आहे ना हो अजून?"

"चालू आहे."

"मग बघताय काय माझ्याकडे? गाडीचं मन बदलायच्या आत घरी चला."